कायद्याचा दवाखाना

बी. ए. झाल्यावर पुढे काय, असे आमच्या वर्गात कोणालाही विचारले तर बी. एड्., स्पर्धा परीक्षा आणि एल्एल्. बी. यांपलीकडे उत्तर सहसा येत नाही. त्यांपैकी एल्एल्. बी.चे नाव घेणारे पुष्कळ. परंतु तिथे तीन वर्षे नेमके काय शिकवतात आणि काळा कोट अंगावर चढण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याने एखाद्या माणसाचे गाऱ्हाणे समोर बसून ऐकलेले असते काय, याची चौकशी कोणी करीत नाही. मी ती गेल्या वर्षभरात केली. मला त्या वाटेने जावयाचे आहे आणि महाविद्यालयाची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच असल्यामुळे हे विचारायला घरी कोणी नाही. ग्रंथालयातील पुस्तके, आमच्या राज्यशास्त्राच्या सरांशी झालेले बोलणे आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात डोळ्यांनी पाहिलेले काही, एवढ्याच शिदोरीवर हा लेख लिहीत आहे.

नांदेडला विष्णुपुरी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला विद्यार्थी पुस्तकातून शरीर शिकतो हे खरे, पण पुढे तो वॉर्डात जातो, रुग्णाच्या खाटेजवळ उभा राहतो, नाडी पाहतो, 'कुठे दुखते' हे विचारायला शिकतो. त्याच्यामागे वरिष्ठ डॉक्टर उभे असतात. असे काही न करता एखादा मनुष्य थेट डॉक्टर झाला तर आपण त्याच्याकडे लेकरू दाखवायला नेणार नाही. मग वकिलाच्या बाबतीत आपण हे कसे चालवून घेतो? हा प्रश्न माझा नव्हे. जेरोम फ्रँक नावाच्या अमेरिकन कायदेपंडिताने १९३३ साली एका लेखात तो विचारला होता. वैद्यकीय शाळेला जसा दवाखाना जोडलेला असतो तसा कायद्याच्या शाळेलाही का असू नये, असे त्याचे म्हणणे. पुढे तिकडे अशी केंद्रे विद्यापीठाविद्यापीठांतून निघाली, आणि आज मोरोक्कोसारख्या देशातील कायद्याच्या विद्याशाखांतही ती आढळतात. इंग्रजीत त्यांना 'क्लिनिक' हाच शब्द आहे. आपण 'विधी साहाय्य केंद्र' म्हणतो. शब्द शुद्ध आहे, पण त्यात दवाखान्याचा अर्थ हरवतो, म्हणून मी मथळ्यात तो मुद्दाम ठेवला आहे.

आपल्याकडे हा विचार परका नाही. गरिबाला वकील कसा मिळावा याचा विचार करण्यासाठी १९४९ सालीच मुंबई प्रांतात न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. कायद्याच्या शिक्षणाविषयीची तळमळ तर त्याहून जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य असताना मुंबई इलाख्यातील विधी शिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी १९३६ साली लेख लिहिला, आणि तो छापून आला महाविद्यालयाच्या नियतकालिकात. महाविद्यालयाच्या अंकात लिहिणे म्हणजे केवळ हौस, असे समजणाऱ्या मित्रांसाठी ही माहिती देऊन ठेवतो.

दिल्ली विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेत प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी १९६९ साली स्वतःहून असे केंद्र सुरू केले. १९७३ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा विधी साहाय्यावरील अहवाल आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ राज्यघटनेत आला आणि विनामूल्य विधी साहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला. त्याच्या चौथ्या कलमातच विद्यापीठे व विधी महाविद्यालये यांतील केंद्रांना उत्तेजन द्यावे असे म्हटले आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी तर प्रत्येक विधी महाविद्यालयावर हे बंधनच घातले: ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवावयाचे विधी साहाय्य केंद्र असलेच पाहिजे. म्हणजे नांदेडचे नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय असो की लातूरचे दयानंद विधी महाविद्यालय असो, कायद्याच्या दृष्टीने हे केंद्र म्हणजे वर्गखोली किंवा ग्रंथालय यांच्याइतकीच आवश्यक गोष्ट होय.

आता १९८७ च्या त्या अधिनियमाचे बारावे कलम पाहावे. विनामूल्य वकील कोणाला मिळू शकतो याची त्यात यादी आहे. अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती, स्त्री, बालक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेला मनुष्य, ठरावीक मर्यादेपेक्षा उत्पन्न कमी असलेला मनुष्य. आणि त्यातच एक पोटकलम असे की जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेला मनुष्य. हे पोटकलम मी प्रथम वाचले तेव्हा ते दिल्लीत बसून कोणी लिहिले असेल असे वाटेना. १९७२ चा दुष्काळ आमच्या आजीच्या तोंडी अजून आहे. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, त्यात नांदेड जिल्ह्यातील गावेही होती. आणि भूकंप म्हटले की लातूरकरांना दुसरे काही आठवतच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आणि किल्लारी.

येथे एक गोष्ट लक्षात आली ती सांगितल्यावाचून राहवत नाही. कायदा झाला १९८७ साली. भूकंप झाला १९९३ साली. आणि कायदा प्रत्यक्ष अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. 'भूकंपग्रस्त' हा शब्द कायद्याच्या पुस्तकात छापून तयार होता, पण किल्लारी, सास्तूर परिसरात माती उपसली जात होती त्या दिवशी तो कायदा लागू झालेला नव्हता. त्याआधी राज्याची स्वतःची विधी साहाय्य व्यवस्था होती, हे मान्य. तरीही बावन्न गावे जिथून उठून नव्या जागी वसायची होती, जिथे प्रत्येक घराला वारस कोण, प्लॉट कोणाच्या नावावर, बापाच्या मृत्यूचा दाखला कोठे, हे कागदोपत्री सिद्ध करायचे होते, तिथे पाटी-पेन घेऊन बसलेले शंभर विधी विद्यार्थी काय करू शकले असते, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मी हे विद्यार्थी प्रत्यक्ष कोठे पाहिले ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर मुखेड तालुक्यातील एका गावी होते. चौथ्या दिवशी एका विधी महाविद्यालयाचे आठ विद्यार्थी व त्यांचे एक सर तिथे आले. सकाळी मारुतीच्या पारावर भाषणे झाली. ती नेहमीसारखीच झाली. एका विद्यार्थ्याने मूलभूत हक्क सांगितले, एकाने लोकअदालतीची माहिती दिली, बायका डोक्यावरचा पदर सावरीत ऐकत होत्या की नाही ते त्यांनाच ठाऊक. खरा कार्यक्रम त्यानंतर ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सुरू झाला. तिथे दोन बाके टाकली होती आणि ज्याला काही विचारायचे त्याने यावे असे दवंडीने सांगितले होते.

पहिला अर्धा तास कोणीच आले नाही. मग एक तिशीतली बाई पिशवीत कागद घेऊन आली. नवऱ्याने सोडलेली, चार वर्षांपासून माहेरी राहणारी, एक मुलगा. समोरच्या विद्यार्थ्याने ऐकता ऐकताच वहीत कलम लिहिले. पोटगीचे कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत १२५ होते, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १४४ झाले, हे त्याला पाठ होते. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला पोटगी मिळू शकते. तुम्ही स्त्री असल्यामुळे वकीलही फुकट मिळेल, उत्पन्नाची अट नाही."

बाई म्हणाली, "पोटगीचं नंतर बघू दादा. माझं अन् लेकराचं नाव अजून त्यांच्याच रेशनकार्डात हाय. माल तिकडं उचलत्यात. इथं आमाला दाणा भेटना."

त्या विद्यार्थ्याचे पेन थांबले. मागे उभे असलेले सर इतकेच म्हणाले, "कलम राहू दे. त्यांना आधी नीट बसू दे आणि पहिल्यापासून सांगू दे." पुढची वीस मिनिटे ती बाई बोलली आणि तो ऐकत राहिला. केव्हापासून माहेरी, मुलगा कोणत्या शाळेत, जुने कार्ड कोणत्या तालुक्याचे, आधारकार्डावर पत्ता कोणता. मग त्याने तहसीलच्या पुरवठा शाखेच्या नावे अर्ज लिहिला. पहिला मसुदा 'सदरहू अर्जदार स्त्री ही' येथून सुरू होऊन दीड पानावर संपत होता. सरांनी तो परत दिला. दुसऱ्यात तारखा नव्हत्या, तोही परत आला. तिसरा अर्ज अर्ध्या पानाचा झाला. त्यात चार तारखा, तीन सोबतच्या कागदांची यादी आणि एक मागणी. त्याने तो बाईला मोठ्याने वाचून दाखवला, तिने एके ठिकाणी गावाचे नाव दुरुस्त केले, मग सही केली.

माझ्या मते त्या विद्यार्थ्याचे त्या दिवशीचे शिक्षण एका सत्राच्या व्याख्यानांपेक्षा कमी नव्हते. वकिलाकडे येणारा मनुष्य कलम घेऊन येत नाही, अडचण घेऊन येतो. आणि कधी कधी मोठ्या कलमाखाली त्याची खरी अडचण झाकली जाते. हे वाक्य पुस्तकात लिहिता येते, पण ते कळण्यासाठी समोर पिशवी घेऊन बसलेली बाई लागते.

उठताना सरांनी तिला एकच गोष्ट दोनदा सांगितली, "अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका." मला तेव्हा ते किरकोळ वाटले. पुढे ग्रंथालयात १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याविषयी वाचले तेव्हा त्याचे मोल कळले. उच्च न्यायालयाने १९७३ साली निकाल दिला होता. निकालाची प्रत आपल्याला तुरुंगात मिळालीच नाही, म्हणून अपिलाला उशीर झाला, असे कैद्याचे म्हणणे. प्रत दिली, असे तुरुंगाचे म्हणणे. पण त्याची लेखी पोच नव्हती. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे, तिची लेखी पोच घेतली पाहिजे आणि अपिलासाठी गरज असेल तर वकीलही मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात म्हटले. एवढा मोठा सिद्धान्त उभा राहिला तो एका पोचेच्या अभावी निघालेल्या वादात. मुखेडच्या ओसरीवर शिकवली गेली तीच गोष्ट.

माझ्या घरातील एक हकिगत येथे सांगतो. माझे आजोबा अंगठेबहाद्दर. बांधावरून त्यांच्यावर दिवाणी दावा झाला होता. बेलिफ नोटीस घेऊन आला तेव्हा माझे वडील व आई ऊसतोडीच्या हंगामावर गेलेले. आजोबांनी अंगठा दिला आणि सरकारी कागद म्हणून तो जपून पत्र्याच्या पेटीत ठेवला. तारीख निघून गेली, निकाल एकतर्फी झाला. वडील उन्हाळ्यात परतले तेव्हा बांधालगतची पट्टी गेलेली होती. त्या शिबिरात मी सरांना हे विचारले. ते म्हणाले, एकतर्फी निकाल रद्द करून घेण्याचा अर्ज निकालापासून तीस दिवसांत करता येतो, आणि उशिराला योग्य कारण असेल तर विलंब माफ करण्याची विनंतीही करता येते. तीस दिवस. त्या तीस दिवसांत आमच्या गल्लीतून शाळेत जाणारी कितीतरी मुले पेटीवरून येत-जात असतील. कोणी तो कागद काढून वाचला असता तरी पुरे होते. मला कोणाला दोष द्यायचा नाही. नोटीस कायदेशीर होती, निकालही कायदेशीर होता.

या केंद्रांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाप्रमाणे न्यायालयात वकिली करण्याचा हक्क नोंदणी झालेल्या वकिलालाच आहे. विद्यार्थी तिथे उभा राहू शकत नाही. आणि गंमत अशी की त्याला शिकवणारा पूर्णवेळ पगारी प्राध्यापकही सामान्यतः वकिली करू शकत नाही. म्हणजे ज्या दवाखान्यात विद्यार्थ्याला सुई टोचता येत नाही, तिथे त्याच्या गुरूलाही ती टोचायला बंदी! अमेरिकेत अनेक राज्यांत विद्यार्थ्याला अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली न्यायालयात बोलण्याची मुभा आहे. आपल्याकडे केंद्रातले काम सल्ला, अर्ज, मसुदा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे माणसाला पोचवणे, इथपर्यंतच थांबते. काही जण यावरून ही केंद्रे निरुपयोगी ठरवतात. मला ते पटत नाही. आमच्या भागातली निम्मी दुखणी न्यायालयाच्या दारापर्यंत जाण्यापूर्वीची असतात. वारसाची नोंद, फेरफार, विभक्त रेशनकार्ड, निराधार योजनेचा अर्ज, न वाचलेली नोटीस. त्यांना सुई नको, वेळेवर नाडी पाहणारा हवा.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे केंद्राचे शिबिर होते. बॅनर, नारळ, हार, छायाचित्र, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी. दवाखाना जर वर्षातून एकदा उघडला तर त्याला कोणी दवाखाना म्हणेल काय? त्या बाईचे पुढे काय झाले हे पाहायला मी दोन महिन्यांनी त्या गावी गेलो. माझ्या मामाचे गाव तिथून जवळ आहे. बाई दोनदा कचेरीत जाऊन आली होती. पोच तिच्याकडे होती, जपून ठेवलेली. पण आधी सासरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, असे तिला सांगितले होते आणि तिथे एकटीने जायला ती धजत नव्हती. अर्ज लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी फोन केला. त्याची परीक्षा झाली होती, तो पुण्याला गेला होता. त्याने आस्थेने चौकशी केली, पण त्या अर्जाची नोंद महाविद्यालयात कोठे असेल ते त्याला सांगता आले नाही. विद्यार्थी जाणारच, दरवर्षी अंतिम वर्षाचा वर्ग जातो. म्हणूनच केंद्राजवळ वही हवी, वहीत तारीख हवी आणि ती वही पुढच्या वर्गाच्या हाती जायला हवी. २०११ च्या विधी सेवा केंद्रांविषयीच्या विनियमांत विद्यार्थ्यांनी एखादे गाव दत्तक घ्यावे, तिथली पाहणी करावी, अशी तरतूद आहे. दत्तक शब्द मोठा आहे. दत्तक घेतलेल्या लेकराला कोणी एकदा पेढा देऊन सोडून देत नाही.

मराठवाड्यातील केंद्राला आणखी एक गोष्ट शिकावी लागेल, जी मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला कदाचित लागणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. जुने जमिनीचे कागद उर्दूत, काही मोडीत. कुळांचा कायदा हैदराबादचा, १९५० चा. वादात नेहमी निघते ते १९५४ चे खासरा पत्रक. देगलूर-उदगीरकडे माणसे तेलुगू आणि कन्नड बोलणारी. इंग्रजीतून कायदा शिकलेला विद्यार्थी या कागदांपुढे बसला की त्याला गावातल्या म्हाताऱ्याची मदत घ्यावीच लागते. ही मला उणीव वाटत नाही. ज्याला मदत करायला गेलो त्याच्याकडूनच शिकावे लागणे, यात केंद्राची अर्धी शिकवण आहे.

कला शाखेच्या आपल्या मित्रांचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या विधी स्वयंसेवक योजनेत शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर विद्यार्थ्यांनाही जागा आहे, आणि शिक्षणाची अपेक्षा मॅट्रिकपुरती. १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आमच्या गावचा बाजार बुधवारी भरतो. बाजाराच्या दिवशी, त्याच जागी, त्याच वेळी, बारा ते तीन, एक बाक आणि एक वही. विधी महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी, आपले दोन, महिन्यातून एकदा त्यांचे प्राध्यापक. भाषण नको. हा प्रस्ताव मी आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांकडे लेखी दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. गावात एक निवृत्त गुरुजी उर्दू वाचणारे आहेत. बुधवारी दुपारी त्यांना वेळ असतो, फक्त चष्म्याचा नंबर वाढला असल्याने कागद ठळक हवा, असे ते म्हणाले.